लेकराचं उष्टं

केरबा खोताने तीन वेळा फुंकलं आणि तिन्ही वेळा लाल दिवा लागला.

सकाळचे पावणेसात वाजले होते. शाळेच्या आवारात पिवळी बस धुऊनपुसून तयार होती आणि पाच गावांच्या फाट्यांवर मिळून अडतीस पोरं तिची वाट बघत उभी होती. स्टिअरिंगशेजारच्या नळीत ड्रायव्हरने फुंकायचं, श्वासात दारू नाही अशी यंत्राची खात्री पटली की हिरवा दिवा लागतो आणि मगच इंजिन सुरू होतं. शाळेच्या गाड्यांना ही नळी सक्तीची झाल्याला चार वर्षं झाली. इतर गाड्यांना थोडीफार सूट असते, शाळेच्या गाडीला अजिबात नाही. तीनदा लाल लागला की गाडीला कुलूप पडतं आणि संदेश थेट मुख्याध्यापकांच्या फोनवर जातो.

मुख्याध्यापक सरदेसाई सर धावत आले. त्यांनी केरबाच्या तोंडाचा वास घेतला तर किंचित गोडसर आला. सरांनी जन्मात दारू चाखलेली नाही, तेव्हा गोडसर म्हणजे दारूच असं त्यांनी ठरवून टाकलं. केरबाचं रक्त तपासायला तालुक्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत दोन तास गेले. रक्तात काहीच सापडलं नाही. मग सगळे म्हणाले, "तोवर उतरली असेल."

त्याच दवाखान्यात मी दातांची डॉक्टर. नाव निरुपमा देवस्थळी, पण गावात मला दातवाल्या मॅडम म्हणतात आणि पाठीमागे खेकसणाऱ्या मॅडम. दोन्ही खरं आहे. वीस वर्षं रोज किडलेल्या दाढा काढल्यावर माणूस खेकसणार नाही तर काय अंगाई म्हणेल?

दुपारी केरबा माझ्या दारात उभा राहिला. त्याला मी चांगली ओळखत होते. आजोबांचं नाव चालवायचं म्हणून जुन्या वळणाचं नाव मिळालेला हा अडतीस वर्षांचा, काटक, कमी बोलणारा माणूस. दोन महिन्यांपूर्वी मीच त्याचा तंबाखूचा मावा सोडवला होता. हिरड्यांत पू झाला होता, दातांवर किटणाचे थर होते. दोन बैठकांत मी त्याचं सगळं तोंड घासूनपुसून काढलं, गोळ्या दिल्या आणि चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ औषधाच्या गुळण्या करायला लावल्या.

"मॅडम," तो म्हणाला, "आईशप्पत सांगतो, थेंब न्हाई घेतला. आमचं वडील, आप्पा, ह्याच दारूनं गेलं. त्यांच्या चितंला हात लावून बोललोय मी. ती शपथ अजून मोडली न्हाई."

"मग माझ्याकडे कशाला आलास? मी दात बघते, दारू नाही."

तो खाली बघून म्हणाला, "आमच्या बहिनीच्या, सुवर्णाच्या पोरीला तुमी ते गरीब जंतू लावल्यात. त्ये दारू करत्यात म्हनं. माझ्या तोंडात बी आलं नसतील?"

प्रश्न वेडगळ नव्हता. त्याचं उत्तर नीट समजायचं तर दात किडतो कसा हे आधी सांगायला हवं.

दात साखरेने किडत नाही. आपल्या दातांवर एक जंतू बिऱ्हाड करून असतो. आपण साखर खाल्ली की तो ती खातो आणि आम्ल बाहेर टाकतो, आणि त्या आम्लाने दात विरघळत जातो. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या तोंडात हा जंतू नसतोच. दात उगवले की तो बाहेरून येतो, बहुतेक वेळा आईच्या किंवा आजीच्या तोंडातून. खीर गरम आहे का ते आपल्या जिभेला लावून बघायचं आणि तोच चमचा बाळाच्या तोंडात घालायचा, एवढं त्याला पुरतं. म्हणून माझ्या खोलीत वीस वर्षं एकच पाटी आहे, 'बाळाचा चमचा वेगळा'. उष्टं या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. मी स्वतः कुणाच्या पेल्यातलं पाणीसुद्धा पीत नाही.

सहा वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी या जंतूचा एक निरुपद्रवी भाऊ तयार केला. आम्ल बनवण्याची त्याची कळच काढून टाकली. पण खाल्लेल्या साखरेचं काहीतरी करायला हवंच, म्हणून तो तिची दारू करतो. फार थोडी, पिकलेल्या केळ्यात असते तितपत. शिवाय तो असं एक द्रव्य सोडतो की मूळचे दुष्ट जंतू त्याच्याजवळ टिकत नाहीत. बाळाला पहिला दात आला की हिरडीवर कापसाने थेंबभर लावायचा. बास, जन्मभर कीड नाही. कागदोपत्री त्याचं नाव एसएम-नऊ असं आहे, पण आमच्याकडे शांत गाईला गरीब म्हणतात, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं गरीब जंतू. माझ्या तालुक्यात नऊशे बाळांना मी तो लावला आहे. तीन वर्षांत त्यांपैकी एकाचीही दाढ किडली नाही. रात्ररात्र गाल धरून रडणारी चार वर्षांची पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळे हा आकडा मी कुणालाही ऐकवते.

मोठ्या माणसाला मात्र हा जंतू लागत नाही. गाडीत रुमाल टाकून आधीच जागा धरलेल्या असतात ना, तसं मोठ्यांच्या दातांवर जुने जंतू ठाण मांडून असतात आणि नव्याला बसायला जागाच मिळत नाही. सगळे अहवाल हेच सांगत होते. तरी केरबाच्या शंकेवर शाळेला लेखी उत्तर द्यायचं होतं म्हणून मी सरकारी तक्ता काढला.

"जंतू लावून घेतला आहेस का?"

"न्हाई."

"लहान मुलांचं उष्टं खातोस का?"

केरबा दुखावल्यासारखा दिसला. "छ्या! उष्टं कशाला खाईन मॅडम?"

"गोड किती खातोस?"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "चहा तेवढा."

तिन्ही रकाने भरून मी खाली लिहिलं, 'शक्यता नाही', आणि सही केली. चार मिनिटांचं काम. त्या कागदावरून शाळेने त्याला घरी बसवलं. शनिवारी शाळेच्या समितीची बैठक होती आणि त्याचा परवाना कायमचा रद्द करायची शिफारस तिथे होणार होती.

दोन दिवसांनी केरबाची बहीण सुवर्णा मुलीला घेऊन आली. मुलगी साडेआठ महिन्यांची, नाव मुक्ता, खालचे दोन दात आणि तोंडभर लाळ. जंतू नीट रुजला आहे का ते बघायचं होतं. सुवर्णा बाळंतपणाला भावाकडे आली होती आणि नवरा पुण्याला कामाला असल्याने तिथेच राहिली होती. एरवी बडबडी बाई, पण त्या दिवशी डोळे सुजलेले.

"रविवारी पुन्याला जाते मॅडम," ती म्हणाली. "पुढचं कुटं दाखवायचं ते लिहून द्या."

"अचानक?"

"दादा म्हनतोय, मी प्यालो न्हाई, मशीन खोटं बोलतंय. आप्पा बी असंच म्हनायचं, मॅडम. रोज. आईच्या पायावर हात ठिवून म्हनायचं." तिने पदराने डोळे पुसले. "त्याच्या हातात पोर द्यायची न्हाई म्हनून सांगितलं मी. त्यो गप गोठ्याकडं गेला."

मला वाईट वाटलं, पण मी कामाचं विचारलं. "मुक्ता जेवते का नीट?"

"कुटलं! दोन दिस झालं, वाटीला तोंड लावंना. मामाकडं बघत बसती. रोज त्याच्या मांडीवर बसून खायची सवय. चार घास ही खाणार, उरल्यालं त्यो सपवणार, मग ही टाळ्या वाजवणार."

माझ्या हातातला आरसा थांबला. "उरलेलं कोण संपवतं?"

"दादा. आमच्यात रीतच हाय. उष्टावणाला मामानं पयला घास भरवायचा आनि वाटीत उरंल ते मामानंच खायाचं, त्येबी चूळ न भरता. न्हाईतर लेकरू ताटावर रुसतंय म्हनत्यात. तवापासनं रोजचंच झालंय."

"अगं, पण त्याने मला सांगितलं की तो मुलांचं उष्टं खात नाही!"

सुवर्णाने माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं पाहिलं. "मग खरंच की. लेकराचं उष्टं हे उष्टं नसतंय, मॅडम."

मी खुर्चीत बसले. या तालुक्यात वीस वर्षं काढून मला हे माहीत नव्हतं का? होतं. माझ्या मामीच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. पण तक्ता भरताना मी शब्द विचारला आणि शब्दाचंच उत्तर घेतलं. केरबाने खोटं सांगितलं नव्हतं. चूक माझ्या प्रश्नात होती.

"उष्टावण कधी झालं?"

"सातव्या म्हैन्यात, तुमी जंतू लावल्यावर. दादाच्या त्या गुळण्या चालू हुत्या तवा."

म्हणजे मीच त्याच्या तोंडातले सगळे प्रवासी खाली उतरवले होते. रिकाम्या गाडीत, ऐन त्याच दिवसांत, रोज संध्याकाळी भाचीच्या वाटीतून गरीब जंतू चढत होते. मोठ्यांना लागत नाही हे खरं होतं, पण मोठ्यांची गाडी इतकी रिकामी कुणी करून बघितली नव्हती.

तासाभरात केरबा माझ्या खुर्चीत होता. मी दिवा ओढला आणि एकेक दात टोकदार हत्याराने तपासला. दोन महिन्यांपूर्वी चार दाढांवर किडीची सुरुवात होती, पांढरट मऊ डाग. आता हत्यार कुठेच रुतत नव्हतं. डाग कडक झाले होते. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला मात्र काहीतरी तपकिरी चिकटलेलं होतं.

"हे काय आहे?"

त्याने जिभेने ते आत ढकललं.

"केरबा, मी खेकसणार नाही. खरं सांग."

"गूळ हाय," तो पुटपुटला. "मावा सोडल्यापास्नं गालाला कायतरी धराय लागतंय. पहाटं पाचला गाडी धुवाय घेतो तवापास्नं खडा धरतो. एक सपला की दुसरा. तुमी वरडशीला म्हनून बोललो न्हाई."

खरं तर त्याच्यावर ओरडायची माझी प्राज्ञा नव्हती. दोन तास गालात गूळ, दातांवर दोन महिने वाढत जाऊन आता कुठे दाट झालेली जंतूंची नवीकोरी वसाहत, आणि मग थेट नळीत फुंकर. दारू पोटात गेलीच नव्हती, म्हणून रक्तात नव्हती. ती तोंडातच तयार होत होती. आणि दोन महिने अष्टौप्रहर गूळ चघळणाऱ्या माणसाचा एकही दात किडला नव्हता, याहून मोठा पुरावा मला काय हवा होता?

पण मला हवा असून चालणार नव्हतं, समितीला हवा होता. लाळेचा नमुना कोल्हापूरच्या प्रयोगशाळेला पाठवला तर अहवाल यायला चार दिवस. बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी. शिवाय एक गोष्ट मला खुपत होती. माझ्या जंतूमुळे भल्या माणसाला दारुडा ठरवलं जातं हे बाहेर पडलं की कुणीतरी वर बसून सगळी मोहीमच थांबवेल. मग पुढच्या वर्षीच्या तीनशे बाळांचं काय? खरं सांगते, घटकाभर मी तो 'शक्यता नाही'चा कागद तसाच राहू द्यावा का असा विचार केला. मग केरबाकडे पाहिलं. तो खुर्चीतून उठून चपला शोधत होता आणि जाता जाता त्याने विचारलं, "सुवर्णाला सांगशीला न्हवं मॅडम? नोकरीचं र्‍हाऊ द्या. तिला तेवढं सांगा." मला माझीच लाज वाटली.

शनिवारी आठ वाजता बस शाळेच्या आवारात उभी होती. समितीची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. सुवर्णा मुक्ताला कडेवर घेऊन कुंपणापाशी उभी होती, आत येत नव्हती. मी आधी सांगून टाकलं, "माझा अहवाल चुकला आहे. चूक माझी आहे, याची नाही. आता बघा."

केरबाने फक्त पाण्याने चूळ भरलेली होती. त्याने फुंकलं. हिरवा.

मग त्याने गुळाचा खडा गालात धरला. साक्षीला कुणीतरी हवं म्हणून तेवढाच खडा मी सरदेसाई सरांच्या हातात ठेवला. सर म्हणाले, "मला मधुमेह आहे."

"नुसता धरा. नंतर थुंका."

दहा मिनिटांनी दोघांनी फुंकलं. सरांचा हिरवा. केरबाचाही हिरवा.

 समितीतले एक गृहस्थ घड्याळाकडे बघायला लागले. सुवर्णाने मान फिरवली.

"मॅडम," केरबा शांतपणे म्हणाला, "एवढ्यात कसं हुईल? मी पाचला धरतो, पावनेसातला फुंकतो. मधी पानी बी पीत न्हाई. आनि बादलीभर घाम काढतो गाडी धुताना."

"मग धू गाडी!" मी खेकसले. खेकसल्यावर बरं वाटलं.

त्याने धुतलेली गाडी पुन्हा धुतली. समितीला चहा झाला, पोहे झाले. सर गालात गूळ धरून, शब्द न बोलता, बावचळल्यासारखे बसले होते. खिडक्यांतून बघणाऱ्या शिक्षकांना ते दृश्य फार आवडलं असावं. पावणेदोन तासांनी केरबा हात पुसून नळीपाशी आला. सरांनी आधी फुंकलं. हिरवा. मग केरबाने फुंकलं.

लाल.

नोकरी जाणाऱ्या माणसाला लाल दिवा बघून हसताना मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. मी त्याला तांब्याभर पाणी दिलं. त्याने खळखळून चूळ भरली. आम्ही दहा मिनिटं थांबलो.  त्याने पुन्हा फुंकलं.

हिरवा लागला आणि बसचं इंजिन घरघरलं. सर गूळ थुंकून उभे राहिले आणि म्हणाले, "केरबा, सोमवारी या. आणि मला माफ करा." इतकं साधं वाक्य बोलायला त्यांना किती जड गेलं ते दिसत होतं, पण ते बोलले.

सुवर्णा कुंपणापासून चालत आली. दादासमोर उभी राहिली. तिला रडू फुटलं होतं. "दादा, मी आप्पाचं नाव काढलं. लई वंगाळ बोलले."

"त्यात काय," केरबा म्हणाला. "मी बी तुझ्या जागी असतो तर तेच बोललो असतो."  सुवर्णाने मुक्ताला त्याच्या हातात दिलं. मुक्ताने दोन्ही हातांनी त्याचा गाल धरला आणि आत काय आहे ते बोटाने उकरायला लागली.

चार दिवसांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. केरबाच्या दातांवर एसएम-नऊ, भरभरून. मी सगळं लिहून वर पाठवलं, माझ्या चुकीसकट, आणि आठ दिवस जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी उत्तर आलं. मोहीम चालू राहणार होती. नळीत फुंकण्याआधी चूळ भरून दहा मिनिटं थांबायचं, असा नियम सगळ्या गाड्यांना लागू झाला. आणि शेवटी एक ओळ होती. मोठ्यांच्या तोंडातही हा जंतू रुजवण्याची वाट यातून सापडली असावी, तेव्हा केरबा खोत यांचे तोंड दर महिन्याला तपासून कळवावे. ते पत्र मी दोनदा वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून हसले. मोहीम वाचली होती, माणूसही वाचला होता.

तक्त्यातला प्रश्न मी स्वतः बदलला. आता तिथे लिहिलं आहे, 'बाळाने तोंड लावलेलं काही खाता का?' आजवर एकानेही नाही म्हटलेलं नाही.

गेल्या सोमवारी केरबा शाळेची फेरी आटोपून मासिक तपासणीला आला. मुक्ता बरोबर होती. सुवर्णा पुण्याला गेलीच नाही, नवराच बदली मागतो आहे. मुक्ताला आता सहा दात आले आहेत, सहाही मोत्यासारखे. हातात खारी होती, चोखून चोखून लगदा झालेली. केरबाच्या तोंडात मी डोकावत असताना ती मामाच्या मांडीवरून पुढे झुकली आणि तो ओला तुकडा तिने सरळ माझ्या ओठांपाशी आणला. "आं," ती म्हणाली.

माझ्या डोक्यावर भिंतीवर पाटी होती. वीस वर्षांची सवय होती.

मी तोंड उघडलं.

"मॅडम!" केरबा खुर्चीतून अर्धा उठला. "उष्टं हाय ते."

तो लगदा गिळायला मला थोडा वेळ लागला. मुक्ता टाळ्या वाजवत होती.

"गप बस," मी त्याच्यावर खेकसले. "लेकराचं उष्टं नसतं."